भुरीच्या पुढ्यात चंद्रीचं कोकरू

शालूबाई शाळेच्या फाटकातून आत शिरली तेव्हा तिचं तोंड भांडायला निघालेल्या बाईसारखं झालं होतं. भांडण तसं कुणाशीच नव्हतं. पण सात वर्षांची नात कडेवर घेऊन औंढ्याच्या त्या उन्हातून चालायचं म्हणजे कुणाचंही तोंड असंच होणार. त्यात दुसऱ्या हातातल्या पिशवीत कापडाची मेंढरं होती, आणि ती शाळेत नेऊन देणं तिला मुळीच पटलेलं नव्हतं.

"ठिवा तुमची मेंढरं," तिने पिशवी रागिणी मॅडमच्या पुढ्यात टेकवली. "खरी मेंढरं राखता राखता जीव चालला, आन् आता ही खोटी शिवत बसा!"

रागिणी मॅडम कळमनुरीच्या. या शाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पालकांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, खेळाच्या तासाला मऊ खेळणी पाहिजेत, लेकरांना लागणार नाही अशी. कुणी चिंध्यांचे चेंडू आणून दिले, कुणी बाहुली. शालूबाईने नाक मुरडलं, पण घरी गेल्यावर फाटकं घोंगडं काढलं, आत लोकर ठासली आणि मेंढरं शिवली. मोठ्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं. ती सगळी एकसारखी करावीत हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या कळपातल्या ज्या मेंढ्या डोळ्यांपुढे होत्या त्याच सुईतून उतरल्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चंद्री, मातकट रंगाची भुरी, आखूड कानाची बुट्टी, आणि जिच्या तिच्या वळणावर गेलेलं कोकरू.

नातीच्या पायाची गोष्ट मात्र अख्ख्या गावाला ठाऊक होती. पोळ्याच्या सुमाराला प्रतिक्षा कोकरांसाठी बोरीचा पाला काढायला दगडी बांधावर चढली आणि खाली आली. नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, दसऱ्यानंतर काढलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून दाखवला. "हाड बराबर जुळलंय, आजी. आता हिला उचलायचं बंद करा. भिऊ नको म्हणावं, पाय टेक."

तेव्हापासून घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. भिऊ नगं, पाय टेक. बाप शिवहार आधी लाडानं म्हणायचा, मग ओरडून म्हणायचा. शेजारपाजारच्या बाया येता-जाता म्हणायच्या. प्रतिक्षा खाटेची कड धरून एका पायावर उभी राही आणि दुसरा पाय काटा रुतलेल्या करडासारखा वर धरून ठेवी. मग शालूबाईला राहवत नसे. ती पोरीला उचलून कडेवर घेई आणि घरच्यांच्या शिव्या खाई. ही अशीच लंगडी राहिली तर? हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता. रोज पहाटे जात्यासारखा तो तिच्या छातीत फिरायचा.

"आजी, तुम्ही बसा सावलीत. प्रतिक्षा नुसतं बघेल," मॅडम म्हणाल्या.

"बघून बघून पाय चालतो व्हय?" असं पुटपुटत शालूबाई लिंबाखाली मांडी घालून बसली. मांडीवर प्रतिक्षा.

मॅडमनी फक्कीने दोन रेषा आखल्या. या टोकाला कोकरांची टोपली, त्या टोकाला मोठ्या मेंढ्या आणि एक रिकामी टोपली. कोकरू उचलायचं, धावत जायचं, रिकाम्या टोपलीत फेकायचं, असा खेळ त्यांनी समजावला. शेतकऱ्याच्या घरचा मुन्ना पहिला धावला आणि त्याने कोकरू असं भिरकावलं की ते टोपलीत उलटं पडलं. मागच्या रांगेतली पुजा जागची हलेना.

"काय गं? फेक ना."

"मॅडम, कोकरू फेकत नसतेत," पुजा म्हणाली. रांगेतल्या मेंढरवाल्यांच्या सगळ्या लेकरांनी मान हलवली. त्यांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं.

शालूबाईला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मॅडमही समजूतदार, त्या अडून बसल्या नाहीत. "बरं बाई. मग नेऊन आईपाशी ठेवा. मेंढीपुढे कोकरू ठेवायचं आणि पळत परत यायचं."

आता खेळ रंगला. कुणी दोन्ही हातांत कवटाळून पळे, कुणी मानेवर घेऊन. धूळ उडाली, आरडाओरडा झाला. मुन्नाची पुन्हा पाळी आली. त्याने पांढऱ्या ठिपक्याचं कोकरू उचललं आणि जी मेंढी आधी दिसली तिच्यापुढे ठेवून दिलं. ती भुरी होती.

प्रतिक्षा मांडीवर ताठ झाली.

मेंढरवाल्याच्या घरात दिवसभर मेंढ्या रानात असतात आणि लहान कोकरं घरी कोंडलेली. सांजेला कळप परतला की कोकरू ज्याच्या त्याच्या आईला नेऊन लावावं लागतं. चुकलं तर मेंढी हुंगते आणि दुसरीचं पोर म्हणून शिंगाडून फेकते. हे काम प्रतिक्षाचं होतं. अंधारातही तिचं कधी चुकलं नव्हतं. पडल्यापासून ती खाटेवर बसून नुसती सांगायची, हे बुट्टीचं, ते चंद्रीचं.

"आजी, भुरी मारती त्याला," ती म्हणाली.

"अगं, कापडाची हाय ती."

"मारती! ऊठ ना, बदल ना!"

तिकडे मुन्ना परतला होता आणि मॅडम टाळ्या वाजवत होत्या. "छान! कुठलंही चालेल!"

"कुठलंबी नसतंय चालत!" प्रतिक्षा किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, ऊठ!"

कापडाची का असेना, पोरगी रडते म्हटल्यावर शालूबाई उठायला गेली. पण इतका वेळ नातीचा भार घेऊन पाय पार बधिरला होता. तो जणू तिचा नव्हताच. तिने हात टेकला, जोर लावला आणि होती तिथेच बसली.

प्रतिक्षाने आजीकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं. मग ती मांडीवरून घसरली. लिंबाचा बुंधा धरून उभी राहिली आणि एका पायावर उड्या मारत निघाली. शालूबाईचा हात तिच्या झग्याकडे गेला होता. तो तिने मागे घेतला. तेवढं करताना तिला किती जड गेलं ते तिचं तिलाच माहीत.

रेषेपर्यंत पोरगी लंगडत गेली. पण कोकरू एका पायावर उचलता येत नाही. त्याला खाली वाकून पोटाखालून दोन्ही हात घालावे लागतात. प्रतिक्षा भुरीपुढे थांबली, वाकली आणि तिचा वर धरलेला पाय हळूच जमिनीला लागला. आधी बोटं, मग टाच. तिचं लक्ष पायाकडे नव्हतंच. तिने कोकरू छातीशी धरलं, दोन पावलं टाकली आणि चंद्रीपुढे ठेवलं. मग भुरीचं कोकरू शोधायला ती टोपलीकडे निघाली, आणि वाटेत केव्हातरी तिचं चालणं पळण्यात गेलं.

कुणी टाळी वाजवली नाही. मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या. "मुन्ना, ते बुट्टीचं हाय, हिकडं आण," असं प्रतिक्षाचं हुकूम सोडणं तेवढं ऐकू येत होतं.

शालूबाईचा जीव भांड्यात पडला. पदर डोळ्यांना लावून ती मनसोक्त रडली. आता भीती उरली नव्हती, म्हणून रडायला हरकत नव्हती.

खेळाचा तास शेवटचाच होता, तो संपताच शाळा सुटली. सगळी लेकरं पांगली तरी शालूबाई लिंबाखालीच होती. तिने पुन्हा उठायचा प्रयत्न केला. पायात मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. तिने पाय वर धरला आणि बुंध्याला मिठी मारून एका पायावर उभी राहिली.

"आजी, चल ना. कोकरं सोडायची येळ झाली," प्रतिक्षा धावत आली. तिने आजीच्या वर धरलेल्या पायाकडे पाहिलं, मग गंभीर होऊन हात पुढे केला.

"भिऊ नगं," ती म्हणाली. "पाय टेक."