आधी चार्जिंग, मग पाणी

धाकट्या भावाची होडी भर पाण्यात बंद पडली आणि त्याने खापर फोडलं ते माझ्या डोक्यावर. उतारूंसकट ती दुसऱ्या होडीने ओढत आणावी लागली होती. धक्क्यावरच्या ऑफिसाने त्याला बजावलं की पुन्हा असं झालं तर परवाना विसर. तिथून तो तडक माझ्या दुकानात आला.

"ताई, तुझ्या बॅटऱ्या कुचकामी आहेत. हा दुसरा संच. वर्षसुद्धा निघालं नाही."

मी हातातला पाना खाली ठेवला. भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते सकाळीच संपलेलं होतं. गिऱ्हाइकांना मी रोज तेच तेच सांगते. गाडीचं इंजिन सुरू करायची बॅटरी एकदम जोर लावते आणि सुटते. होडीची मोटर दिवसभर चालवायची तर जाड प्लेटांची, दमादमाने देणारी डीप सायकलच लागते. तिला अर्ध्याच्या खाली उतरवू नका, उतरलेली तशीच ठेवू नका, चारांतली एकच मेली म्हणून जुन्या तिघींत नवी घुसडू नका. सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन हवं तेच करतात. पण धाकट्याचा संच मी स्वतः निवडला होता, स्वतः बसवला होता. त्यात खोट निघेल हे मनाला पटेना.

होडीवर गेले. फळी उचलली आणि वासानेच कळलं. बॅटऱ्या ठेवायचा लोखंडी ट्रे ॲसिडने खाल्ला होता, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली होती. काचेच्या नळीने एकेका घरातलं ॲसिड ओढून पाहिलं, तर ते इतकं पातळ की नळीतला तरंगता काटा तळाला जाऊन बसला.

"कुणीतरी काठोकाठ पाणी भरून मग चार्जर लावतंय," मी म्हटलं. "चार्ज होताना पाणी फुगतं. ॲसिड उतू जातं, वर पुन्हा पाणी. कुठली बॅटरी टिकेल?"

"मी तर हातही लावत नाही," धाकटा म्हणाला. "ते खातं बाबांकडे आहे."

मी फळी परत जागेवर बसवली.

दुकान बाबांचंच. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि चुकले की पान्याची दांडी बोटांवर बसायची. आई गेल्यापासून त्यांचं विसरणं वाढलंय. नाश्ता करून उठतात आणि नाश्ता कधी म्हणून विचारतात. पण सकाळी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन धक्क्यावर जायचं मात्र कधी चुकत नाही. त्या एका कामासाठी ते उठतात, दाढी करतात, धुतलेला शर्ट घालतात. बाकीचा दिवस दुकानातल्या खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी फळी उचलली, एकेक बूच उघडलं, बुचं ओळीने फडक्यावर मांडली. हात अजून स्थिर आहे त्यांचा. चार्जर अजून लावलाच नव्हता, तरी नरसाळं लावलं आणि गळ्यापर्यंत पाणी ओतलं.

"बाबा, आधी काय करायचं असतं?" मी विचारलं.

"आधी चार्जिंग, मग पाणी," ते वर न बघता म्हणाले. "किती वेळा सांगायचं तुला?"

आणि पुढच्या घरात पाणी ओतलं.

मला रडूच आलं. राग कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून बाबा माघारी गेल्यावर धाकट्यावर काढला.

"तुला दिसत नव्हतं?"

"दिसलं असतं तर काय केलं असतं? येऊ नका म्हटलं असतं? तू म्हण ना. तू मोठी आहेस."

"तू लाडका आहेस. तू म्हण."

शेवटी कुणीच काही म्हटलं नाही. मी सीलबंद बॅटऱ्या निवडल्या, ज्यांना बुचंच नसतात. खरं सांगायचं तर मला त्या आवडत नाहीत. चार्जर त्यांच्या मापाचा लागतो, आणि एकदा जास्त चार्ज होऊन आतून वाळल्या की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. पण उतारूंच्या जिवाशी खेळ नको. बाबांना सांगायला एक वाक्यही घोकून ठेवलं: आता सगळीकडे हेच वापरतात.

होडी बंद असते त्या दिवशी जुना संच आणि ट्रे काढून धक्क्यावर ठेवला, नवा बसवला. शेवटचा नट आवळत होते तेवढ्यात बाबा आले. दाढी केलेली, हातात कॅन. ते वाकले आणि बॅटरीच्या पाठीवर बोटं फिरवायला लागले. एकीवर, मग दुसरीवर.

"बुचं कुठायत?"

"नाहीत, बाबा. यांना पाणी लागत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

ते कॅन मांडीवर घेऊन बसले. "मग मी उद्यापासून कशाला यायचं?"

घोकलेलं वाक्य सोडून मी आवळलेलाच नट पुन्हा आवळला. धाकटा पाण्याकडे बघत होता. बाबा उठले, जायला निघाले, आणि धक्क्यावरच्या जुन्या ट्रेपाशी थांबले. अंगठ्याने गंज खरवडला, पांढरी भुकटी बोटांवर घेऊन बघितली. पाठ ताठ झाली त्यांची. दुकानातला त्यांचा जुना आवाज मला कितीतरी दिवसांनी ऐकू आला.

"हा गाढवपणा कुणाचा? आधी पाणी घालून मग चार्ज केलंय कुणीतरी. चांगल्या बॅटऱ्यांची माती केली. कुणी केलं हे?"



"मी केलं, बाबा," धाकटा म्हणाला.

"तू? बॅटरीवाल्याचा मुलगा तू! लाज नाही वाटत? आणि तुझ्या बहिणीला बोललास, तिच्या बॅटऱ्या वाईट म्हणून?"

"बोललो. चुकलं माझं."

बाबांनी त्याला यथेच्छ झापलं. शेजारच्या होड्यांवरची माणसं माना वर करून बघायला लागली. धाकटा खाली मान घालून ऐकत होता, आणि एवढा शहाणा तो मला जन्मात वाटला नव्हता.

"याला बॅटरीला हात लावू द्यायचा नाही," बाबा मला म्हणाले. "पाणी लागो न लागो. उद्यापासून मी रोज येणार, याच्यावर लक्ष ठेवायला."

"या, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी कॅन माझ्या हातात दिला आणि पायरीवर टेकले.

"दमलो गं मी," ते म्हणाले, "तुम्हाला शिकवून शिकवून."