अर्धा तांब्या

त्र्याहत्तरच्या चैत्रात राहूजवळ दुष्काळी कामावर आम्ही चाळीस माणसं खडी फोडत होतो. त्या दिवशी दौंडचा टँकर आलाच नाही. बाभळीखाली एकच पिंप, तेही निम्मं.

शिरूरकडचा मुकादम हौसराव दगडावर चढला. "आज समद्यांनी मिळून सोसायचं. माणशी अर्धा तांब्या. गावातला, बौद्धवाड्यातला, भेद न्हाई. मी मुकादम हाय, मलाबी अर्धाच!"

आणि खरंच, त्यानं सगळ्यांदेखत अर्धाच तांब्या घेतला, घटाघटा प्याला, मिशा पुसल्या. माणूस लबाड नव्हता. लबाडाला पकडता तरी येतं. स्वतःच्याच त्यागावर खूश झालेल्याला कुठं धरणार?

पाणी वाढायला गावातली बानूबाई. गावातल्यांच्या ती हातात तांब्या द्यायची. बौद्धवाड्यातल्या आठ बायांनी मात्र वाकून ओंजळ धरायची, आणि ती हातभर उंचावरून धार सोडायची. रोजचंच होतं. पिंप भरलेलं असलं की सांडलेलं कोण मोजतं?

त्यांतल्या दगडाबाईची पाळी आली. तिचं दोन महिन्यांचं पोर झोळीत रडून रडून गप झालं होतं. सकाळपासून तिला दूधच उतरत नव्हतं. खडीनं फाटलेल्या बोटांची ओंजळ ती कशी जुळवणार? घोटभर पोटात गेलं, बाकीचं फुफाट्यात.

"झाला अर्धा," बानूबाई म्हणाली. "फुडची या."

पुढची तिची जाऊ, अंजना. तिनं ओंजळ धरलीच नाही.

"मुकादम, हिचा अर्धा कुठं गेला?"

"दिला की! माझ्याइतकाच."

"तुमचा नरड्यात गेला. हिचा मातीत. माती फोडती का तुमची खडी?"

कुणीतरी फिसकन हसलं. गावातला एक गडी ओरडला, "ए अंजे, दुष्काळात तरी गप बस की! आजच उकरायचं व्हय?"

"व्हय, आजच! भरल्या पिंपाला गप बसले, तीच चूक झाली." तिनं हातोडी टाकली. "सारखं सोसायचं म्हनला न्हवं? मग वाका. वरनं ओतलेलं प्या."

पाठोपाठ सात हातोड्या पडल्या. उद्या ओव्हरसियर मजुरीसाठी ढीग मोजायला येणार होता, आणि ढीग साऱ्या टोळीचा मिळून एकच. हौसरावच्या तोंडावर हा हिशेब स्वच्छ वाचता येत होता.

"मी प्यालोय," तो पुटपुटला.

"माझ्या वाट्याचं घ्या."

तिनं बानूबाईच्या हातातनं तांब्या ओढून घेतला. चाळीस जणांसमोर 'भेद न्हाई' म्हणून बसलेला माणूस, जातो कुठं? वाकला. अंजनानं मोजून हातभर उंचावरून धार धरली. पाणी त्याच्या बोटांतून, कोपरावरून वहाणांत गेलं. त्यानं वाकूनच खालचा चिखल बघितला.

मग सरळ होत म्हणाला, "बानूबाई, तांब्या हातात द्यायचा. समद्यांच्या."

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मग खडी फोडा. अंजना वाढंल."

अंजना वाढायला लागल्यावर त्या ओरडणाऱ्या गड्यासकट गावातले अकरा जण प्यालेच नाहीत. त्या दिवशीचा एवढाच खरा त्याग, बाटण्याच्या भीतीपायी केलेला. त्यांचं पिंपात उरलेलं पाणी अंजनानं तांब्या भरभरून दगडाबाईला पाजलं. उन्हं उतरेपर्यंत अंगावर पिऊन झोळीतलं पोर पुन्हा रडायला लागलं होतं, चांगलं खणखणीत.

"तूबी घे की," हौसराव म्हणाला. "उरलंय अजून."

"माझा वाटा झाला," अंजना म्हणाली. "तुमच्या वहाणा बघा."