नळीच्या तोंडावरची खाच

रायफल नेहमी मागून साफ करायची. आधी बोल्ट, म्हणजे काडतूस बसवून उडवणारा मागचा दांडा, काढून टेबलावर ठेवायचा, मग मागच्या बाजूने सळई घालायची आणि आतली काजळी पुढच्या तोंडातून बाहेर ढकलायची. पुढून सळई घातली तर ती तोंडाच्या कडेला घासते, घासून घासून तिथे खाच पडते आणि गोळी बाहेर पडतानाच वाकडी जाते. आमच्या घरात हे पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं. बाबा नेमबाजी क्लबचे रायफल मिस्त्री होते. त्यांच्यानंतर त्या खोलीत मी बसते. दादाला मिस्त्रीकाम नको होतं, त्याला नेम हवा होता, आणि तो त्याला छान साधला होता.

म्हणूनच दादा गेला तेव्हा सगळ्यांनी जे मुकाट मान्य केलं, ते आमच्या गळी कधी उतरलं नाही. रायफल साफ करताना गोळी सुटली, असं ठरलं. शेजाऱ्यांना पटलं, पोलिसांना पटलं, लांबच्या आत्याला तर इतकं पटलं की ती ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत फिरली. पण बोल्ट काढलेली रायफल म्हणजे नुसता लोखंडी पाइप. त्यातून गोळी सुटेल कशी? बाबांनी हा प्रश्न तेव्हा विचारला आणि मग विचारतच राहिले. जेवताना, आंघोळीला जाता जाता, कोणी समोर नसताना. पुढे त्यांची नजर गेली, पण प्रश्न काही गेला नाही.

वहिनी तो ऐकायची आणि हातातलं काम करत राहायची. त्या सकाळी तिचं आणि दादाचं वाजलं होतं. मोठं काही नाही, गळक्या नळावरून. "एक नळ होत नाही तुमच्याच्यानं," असं ती म्हणाली आणि दादा रायफल घेऊन मागच्या खोलीत गेला. हे तिने मला एकदाच सांगितलं. तेव्हापासून घरात कुठला नळ गळायला लागला की ती पाना घेऊन स्वतः बसते. प्लंबरला बोलवू देत नाही, मला हात लावू देत नाही.

गेल्या आठवड्यात पोलिसांनी जुनं सामान ठेवायची खोली रिकामी केली आणि दादाची रायफल क्लबकडे परत आली. रायफल क्लबच्या नावावर होती, तेव्हा क्लबची म्हणून ती सरळ माझ्या टेबलावर येऊन पडली. सेक्रेटरी खोकत म्हणाला, "नळी साफ करून द्या. नवीन पोरांच्या सरावाला होईल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला माहीत होतं ती कोणाची ते. पण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, म्हणून मी मान डोलावली.

घरी सांगितलं तर बाबांनी घास ताटात ठेवला.

"अजून आत काही घातलं नाहीस ना?"

"नाही."

"मग घालशील तेव्हा नीट बघ. त्यानं आत फडकं फिरवलं होतं की नव्हतं, तेवढंच सांग मला. आणि तोंड बघ. मी उद्या येतो."

"बाबा, इतक्या वर्षांनी काय कळणार?"

"तुला कळेल," ते म्हणाले. "मीच शिकवलंय ना तुला."

वहिनी वाढत होती. तिच्या हातातला डाव भांड्याच्या काठावर वाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रायफल बाकाच्या पकडीत बसवली. खरं सांगते, मला भीती वाटत होती. दादाला लहानपणापासून एक खोड होती. रिकाम्या नळीच्या मागच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि पुढून फुंकर घालून शीळ वाजवायची. बाबा खवळायचे, थुंकीने नळी गंजते म्हणून. मी बोल्ट काढला, वळून काजळी विरघळवायच्या सॉल्व्हंटची बाटली घेतली आणि मागून ती शीळ ऐकली. बारीक, अगदी अर्धी. वाऱ्याने वाजली असेल म्हणून मी खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

मग मी कामाला लागले, कारण काम सुरू असलं की डोकं थाऱ्यावर राहतं. पहिलं फडकं कोळशासारखं काळं आलं. दुसरंही. सॉल्व्हंट मुरायला ठेवलं, पितळी ब्रश फिरवला, पुन्हा फडकं, पुन्हा तसंच. गोळी जिथे बसते तिथे काजळीचा थर भाजून खापरासारखा कडक झाला होता आणि ब्रश त्यावरून नुसता घसरत होता. साफ करायला घेतलेल्या नळीत असं नसतं. तिच्यात तेलाचा चिकटा राहतो, फडक्याचे धागे राहतात, वरवरची काजळी तरी निघालेली असते. पहिलं फडकं घालण्याआधीच मी बारीक कॅमेरा आत घालून टोकापासून टोकापर्यंत पाहिलं होतं. ना तेल होतं, ना धागा. आधीच्या कितीतरी सरावांची काजळी थरावर थर तशीच होती आणि सगळ्यात वर त्या शेवटच्या गोळीची.

त्या सकाळी त्याने नळीत फडकं घातलंच नव्हतं.

तोंड पाहिलं. गोल, अखंड, कुठे चरासुद्धा नाही. दादा आळशी होता, सराव झाल्यावर आठवडा आठवडा रायफल तशीच ठेवायचा, पण साफ करायचा तेव्हा मागूनच करायचा. बाबांचा शब्द त्याने पाळला होता. त्या एवढ्याशा आज्ञाधारकपणाने मला जे रडू फुटलं, ते तो गेला तेव्हाही फुटलं नव्हतं.

रडून झाल्यावर बाबांना काय सांगायचं ते डोळ्यांसमोर आलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, बाबा. तुम्हाला ज्याची भीती वाटते तेच, त्यानं ती मुद्दाम झाडली. आणि शेजारी वहिनी उभी असणार, कारण काठी आणि वहिनी यांच्याशिवाय बाबा कुठे जात नाहीत.

मी लोखंडी सळई काढली. ती आम्ही कधी वापरत नाही, खिळ्यावर टांगून ठेवतो, नवीन लोकांना 'हे करायचं नाही' असं दाखवायला. तिला पॉलिशची पेस्ट लावली, पुढून नळीच्या तोंडात घातली आणि एका बाजूला दाबून घासायला लागले. हात नको म्हणत होते. चांगली नळी जाणूनबुजून बिघडवणं मला कधी जमेल असं वाटलं नव्हतं, पण जमलं. हळूहळू कडेला खाच धरली. फडक्याने कडा घोटून गुळगुळीत केल्या, तेल लावून काजळी चोळली, नवेपणा झाकला. आता या रायफलीतून कोणाची गोळी नेमावर जाणार नव्हती. सेक्रेटरीने मग हवा तेवढा खोकावा.

ऊन उतरायला लागलं तसे बाबा आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, वहिनी काठी घेऊन दारातच थांबली. आत यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

"आतलं काही सांगता येत नाही. गंज आलाय." माझा आवाज मलाच परका वाटला. "पण तोंड बघा."

त्यांनी हात पुढे केला. मी तो नळीच्या टोकाशी नेला. त्यांचं बोट कडेवरून फिरलं, खाचेपाशी अडलं, पुढे गेलं, परत आलं. मग अंगठ्याचं नख. नख खाचेत घालून त्यांनी ते सावकाश खालपर्यंत नेलं आणि मग बोट नाकाशी धरलं. पॉलिशच्या पेस्टला रॉकेलसारखा वास असतो, तो दिवसभर जात नाही. हे मला या माणसानेच शिकवलं होतं.

बाबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त ते एकदम थकलेले दिसले. त्यांना सगळं कळलं होतं. मी काय केलं ते, आणि का करावं लागलं ते.

"सूनबाई," ते म्हणाले, "इकडे ये."

वहिनी आली. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि तिचं बोट खाचेवर टेकवलं.

"लागतंय काही?"

"हो. खड्डा आहे."

"गाढव होता तुझा नवरा. पुढून सळई घालायचा. बोल्ट न काढता." त्यांचा आवाज चढला, अगदी पूर्वी दादावर चढायचा तसा. "कानीकपाळी ओरडलो मी त्याच्या. ऐकेल तर शपथ. एवढी खाच काय एका दिवसात पडते?"

"म्हणजे बाबा..."

"म्हणजे साफच करत होता तो. काडतूस आत राहिलं आणि हा शहाणा विसरला. बस. दुसरं काही नाही."

वहिनी होती तिथेच खाली बसली, फरशीवर, तेलाच्या डागांत. तोंडात पदर कोंबून ती इतकी रडली की मला तिच्याकडे बघवेना. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. ज्या प्रश्नाने इतकी वर्षं त्यांना झोपू दिलं नाही, त्याचं उत्तर त्यांच्याजवळ आलं होतं आणि त्यांनी ते मुकाट गिळलं होतं. मी हे त्यांच्यासाठी केलं होतं. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं आणि तिला देऊन टाकलं.

कुठेतरी ती अर्धी शीळ पुन्हा वाजेल म्हणून मी कान देऊन उभी होते. वाजली नाही.

वहिनी तोंड धुवायला बाहेर गेली. नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला.

"पोरी," बाबा हळूच म्हणाले, "आता साफ कर ती नळी."

मी सळई उचलली.

"आणि या वेळेस मागून कर."