एकच हेल्मेट

स्कूटर घ्यायची कल्पना नवऱ्याची. रविवारी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला, "अगं, आपण एक स्कूटर घेऊ. नवी कोरी. तुझ्यासाठी."

ती मुलीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिला वाटलं, थट्टा चाललीय. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, जन्मात सायकलच्या पुढं गेलेली नाही, आणि आता या परक्या देशात स्कूटर उडवणार! पण तो हसत नव्हता. गेल्या दोन आठवड्यांत त्यानं आपणहून बोललेलं हे पहिलंच मोठं वाक्य होतं, म्हणून तिनं इस्त्री उभी केली आणि लगेच म्हणाली, "घेऊ की."

या देशात येऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. तो लिफ्टचा मेकॅनिक. कंपनीची व्हॅन त्याच्याकडे असायची, त्यामुळे आठवड्याचा बाजार, मुलीला क्लासला सोडणं, जड पिशव्या पाचव्या मजल्यावर आणणं, सगळं त्याच्या गळ्यात. ती एका मोठ्या हॉटेलात शिवणकाम करायची. तळघरात तिची मशीन होती. फाटलेल्या चादरी, वेटरांचे उसवलेले कोट, पडद्यांच्या दुमडी असा दिवसभराचा ढीग तिच्यापुढं यायचा. संध्याकाळी तो हॉटेलच्या मागच्या दाराशी व्हॅनचा हॉर्न दोनदा वाजवायचा. आपल्याला कधी बसचा नंबरसुद्धा पाठ करावा लागला नाही, असं ती मैत्रिणींना कौतुकानं सांगायची.

मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे कळला तेव्हा बराच पुढं गेला होता. नजर कडेकडेनं मावळत गेली. मधोमध तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. एके दिवशी लिफ्टच्या विहिरीच्या काठावर त्याचा पाय रिकाम्या जागेत पडला आणि कामावरच्या जोडीदारानं कॉलर धरून त्याला मागं ओढलं. त्या जोडीदाराला मग त्यांच्या घरात कायमचं 'कॉलरवाला' हे नाव पडलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं हत्यारांची पेटी आणि व्हॅनची किल्ली परत केली.

तेव्हापासून सगळं तिच्यावर आलं. हॉटेलातून सुटून दोन बस बदलायच्या, बाजार करायचा, पंधरा दिवसांनी इस्पितळातून त्याचे डोळ्यांत घालायचे थेंब आणायचे. ते थंडच ठेवावे लागत, म्हणून वाटेत कुठं थांबायची सोय नाही. तो घरात बसून कंटाळायचा आणि हातभार लावायला जायचा. एकदा त्यानं मशीनला कपडे लावले. मुलीच्या पांढऱ्या शर्टांत कुठूनसा एक लाल टॉवेल गेला. ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरात आली, तर दोरीवर चार गुलाबी शर्ट ठिबकत होते आणि तो मोठ्या समाधानानं म्हणत होता, "आज तुझं एक काम उरकलं बघ."

तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, कशाला हात लावता! आता हेही मीच बघायचं का? सगळं मीच बघायचं?"

बघायचं! शब्द बाहेर पडला आणि तिनं जीभ चावली. पण बाण सुटला तो सुटला. तो चाचपत खुर्चीपर्यंत गेला आणि बसला. पुढचे दोन आठवडे तो घरात होता आणि नव्हताही. ती मात्र त्या दिवसापासून फार जपून वागायला लागली. त्यानं कप फोडला तर म्हणायची, "राहू द्या, जुनाच होता." दूध उतू घालवलं तर म्हणायची, "होतं असं." आवाज चढवायचा नाही, अशी तिनं मनाशी गाठ बांधली होती.

तेव्हा स्कूटरचं नाव निघालं आणि तिला वाटलं, रुसवा गेला.

दुकानात तिघंही गेली. सोळा वर्षांच्या मुलीला, म्हणजे चिमणीला, निळी स्कूटर पसंत होती. तो रंगाच्या भानगडीत पडला नाही. प्रत्येक गाडीभोवती तो हात फिरवत गेला, ब्रेक दाबून बघितले, सीटची शिवण चाचपली आणि बायकोला म्हणाला, "ही बघ, तुझ्यापेक्षा वाईट शिवलीय." मग विकणाऱ्या बाईंना गाडी सुरू करायला लावून डोकं तिरकं करून ऐकत राहिला. पहिली नापास. दुसरी सुरू होताच त्यानं मान हलवली. "हिला पडसं झालंय." तिसरीपाशी बराच वेळ थांबला. "ही घ्या. ही प्रामाणिक आहे." ती नेमकी करड्या रंगाची निघाली, मातीच्या ढेकळासारखी. चिमणीचं तोंड लांब झालं.

"मागं पाठ टेकायला दांडी लावून घेऊ," बायको म्हणाली. "तुम्हाला बरं पडेल."

"दांडी नको. मोठी पेटी बसवा," तो विकणाऱ्या बाईंना म्हणाला. "बाजाराच्या दोन पिशव्या आडव्या मावतील एवढी. आणि हेल्मेट एकच."

"एकच का? आणि तुम्ही?"

"मला कुठं जायचंय?"

तिला वाटलं, मागं बसायची भीती वाटत असेल. ज्यानं तेरा वर्षं आपल्याला फिरवलं त्याला आता आपल्या मागं बसायला कसं रुचेल? होईल सवय, असं म्हणून तिनं विषय सोडला.

शिकवलं त्यानंच. गोदामांच्या मागं एक मोठं पार्किंग शनिवार-रविवारी ओस असायचं. तो काठावर बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सूचना द्यायचा. "सुईत दोरा ओवताना श्वास रोखून धरतेस ना, तसा इथं धरू नकोस. सोड." "वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणावर नको." "आता घाबरलीस. का घाबरलीस? समोर काय आलं?"

"कबुतर!"

"मग त्याला घाबरू दे की."

तिसऱ्या रविवारी ती धडपडली. गाडी आडवी झाल्याचा आवाज ऐकून तो जागचा उठला आणि सरळ आवाजाच्या दिशेनं धावत सुटला. मधे फूटभर उंचीचा कठडा होता. त्यावर अडखळून तोही पालथा पडला. दोघंही दहा पावलांच्या अंतरावर जमिनीवर, तिचा गुडघा खरचटलेला, त्याचे तळवे सोललेले. "लागलं का?" दोघांनी एकाच वेळी विचारलं आणि मग जे हसू फुटलं ते आवरेचना. रुमालानं एकमेकांच्या जखमा पुसतानाही ती हसत होती. पुढं कितीदा तरी तिला वाटायचं, त्या दिवशी पार्किंगमध्येच कुणीतरी घड्याळ थांबवायला हवं होतं.

परवाना मिळाला. महिनाभरात ती बाजार, इस्पितळ, शाळा सगळं एकटी करायला लागली. दोन तासांचा बाजार पाऊण तासात. तो रोज खोदून खोदून विचारायचा. चढावर गाडी दम टाकते का? पेटी गच्च भरली तर तोल जातो का? पावसात निघालीस? सगळी उत्तरं मनासारखी आली तेव्हा एका दुपारी, चिमणी शाळेत असताना, त्यानं तिला समोर बसवलं.

"पुढच्या महिन्यात मी आक्काकडे जातो."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, विधवा. मायदेशी तिची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागं दोन खोल्या. तो तिथंच लहानाचा मोठा झालेला.

"जा की. थोडा बदल होईल. किती दिवस?"

"दिवसांचं नाही म्हणत मी."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पहिली डोळ्यांपुढं आली ती सीटमागची पेटी.

"म्हणून एकच हेल्मेट," ती म्हणाली.

त्यानं होकाराची मान हलवली.

"त्या दिवशी मी बोलले म्हणून ना? अहो, मी दमले होते. तोंडातून गेलं. हवं तर पाया पडते."

"वेडी आहेस का! तू बोललीस त्याचं काही नाही. दमलेलं माणूस बोलतंच. खरं तर बरोबर बोललीस."

"मग?"

"त्यानंतर तू बोलायचं बंद केलंस." तो मान थोडी इकडेतिकडे हलवत होता, नळीत तिचा चेहरा धरायला. "वीस वर्षांत असा एक दिवस नव्हता की तू माझ्यावर चिडली नाहीस. आता मी कप फोडला तरी गोड बोलतेस. पेशंटशी बोलतात तसं. मला आक्काच्या घरात प्रत्येक पायरी पाठ आहे, डोळे मिटून चालेन. इथं मी दिवसभर भिंती मोजतो आणि संध्याकाळी एक भली बाई घरी येते आणि मला काही बोलत नाही. मला नाही सोसत गं ते."

"मी चिडेन. आजपासून चिडेन."

यावर तोही हसला आणि तीही, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. "चिमणीची दोन वर्षं राहिलीत शाळेची," तो म्हणाला. "तिला मधेच उपटून तिकडच्या शाळेत लावलं तर ती ना इकडची ना तिकडची. तू हलू नकोस."

ती भांडली, रडली, अबोला धरला, आक्काला फोन करून त्याला समजवायला सांगितलं. आक्का म्हणाली, "मी त्याला बोलावलं नाही हो वहिनी. पण माझ्या भावाला मी दारातून परतही पाठवणार नाही." चिमणी बापाशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याची बॅग तिनंच भरली, आणि प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत रंग ओळखायला दोऱ्याच्या गाठी घातल्या. एक गाठ पांढरा, दोन निळा.

विमानतळावर न्यायला कॉलरवाला गाडी घेऊन आला. "तू खालीच थांब," नवऱ्यानं तिला बजावलं होतं. "विमानतळावरच्या गर्दीत मला तू सापडायची नाहीस. इथं सापडतेस." बिल्डिंगच्या दाराशी, दुपारच्या लख्ख उन्हात, त्यानं दोन पावलं मागं जाऊन तिला नीट नजरेत घेतलं. कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, तुकड्या-तुकड्यानं. शेजारपाजारचे जात-येत होते. मग तो गाडीत बसला.

गाडी वळली आणि तिला राहवेना. तिनं हेल्मेट चढवलं आणि स्कूटर काढली. दोन सिग्नल, पूल, गोदामांचा रस्ता. ती मागं लागली होती. थांबवून काय सांगणार होती, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पुढं महामार्ग लागला. तिथं तोंडाशीच फलक होता, लहान दुचाकींना मनाई. गाडी चढ चढून वर गेली. ती फलकापाशी पाय टेकून उभी राहिली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते.

पुढं कॉलरवाल्यानं तिला सांगितलं, की वाटभर नवऱ्याच्या बाजूची काच खाली होती. चढावर नवरा म्हणाला, "ती मागं होती. आता थांबली." 

पुढच्या हिवाळ्यात त्याची उरलेली नजरही गेली. फोनवर त्यानं ते इतकं सहज सांगितलं, की तिनंही "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर हॉटेलच्या तळघरात, न शिवलेल्या चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडली.

वर्षभरानं रजा काढून ती मायदेशी गेली. चिमणीची परीक्षा जवळ होती, म्हणून ती मागं राहिली. कॉलरवाल्याच्या बायकोनं तिच्यावर लक्ष ठेवायचं कबूल केलं. आई गेली ती नवऱ्याला परत आणायचं ठरवूनच. पण गिरणीत पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. तो पट्टा चढवत होता. बायका डबे ठेवत होत्या आणि डबा टेकल्याच्या आवाजावरून तो नावानिशी हाका मारत होता, "काय मावशी, आज ज्वारी कमीशी?" पीठ दोन बोटांत चोळून जाडं-बारीक सांगत होता. मागच्या खोलीत येऊन त्यानं तिला माठातलं पाणी दिलं, काठोकाठ भरलेलं, एक थेंब न सांडता. तिकडं त्यानं तिच्या हातात पाणी दिल्याला किती वर्षं झाली होती!

निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलंच. "चला ना."

त्यानं तिचा हात धरला. "इथलं सगळं पाठ झालंय मला," तो म्हणाला. "तिकडं येऊन परत पहिलीपासून बसायचं, आता नाही जमायचं."

"आणि मी?"

त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. 

ती परतली तेव्हा चिमणीनं दार उघडलं. तिनं आईच्या खांद्यावरून मागं जिन्यात बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"बाबा?"

"नाही आले."

"नंतर येणारेत?"

"नाही गं, बाळा."

चिमणी बाजूला झाली. आत शिरल्यावर आईला दिसलं. गॅसच्या प्रत्येक खुंटीवर एकेक बटण चिकटवलेलं होतं, तिच्याच शिवणाच्या डब्यातलं. मोठ्या शेगडीला मोठं, छोटीला छोटं. दिव्यांच्या खटक्यांवर दोन-दोन, नळांवर वेगळी, न्हाणीच्या दाराला कोटाचं जाडजूड शिंगाचं. कपडे धुवायच्या मशीनवर तर ओळच होती, आणि पांढऱ्या कपड्यांच्या टोपलीला एक, रंगीताच्या टोपलीला तीन.

"सगळं डोळे मिटून करून बघितलं मी," चिमणी म्हणाली. "कुठं अडखळायला होत नाही. चार दिवस लागले." आणि तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा वाकडा झाला.

आईनं तिला जवळ घेतलं. दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या, कितीतरी वेळ. मग चिमणी उठली आणि नखानं एक बटण उचकटायला लागली.

"राहू दे," आई म्हणाली.

बटणं तशीच राहिली. रोज सकाळी चहा ठेवताना तिचं बोट आधी त्या बटणावर टेकतं, मग ती गॅस लावते.