खासदाराचं ताट रिकामं होईपर्यंत

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटलंच तर मला तुमची काळजी वाटेल. पण आमच्या या विस्कॉन्सिनमधल्या गावानं एका खासदाराला मासे वाढून वाढून स्वतःचा कारखाना घालवला. आणि त्याच खासदाराला मी, ऑर्विल स्टानेक, भर सभेत रडवला.

"झालं सुरू," गल्ल्यामागून बड म्हणाला. गुत्ता त्याचा. "केंट, खुर्ची घट्ट धरून बस. म्हातारा सुटला."

केंट म्हणजे गावात नवा आलेला गुरांचा डॉक्टर. बडच्या गुत्त्यात त्याचा हा पहिलाच शुक्रवार, म्हणजे त्यानं माझं एकही पुराण ऐकलेलं नव्हतं. असा कोरा माणूस हल्ली मिळतो कुठं?

"तर केंट, आमच्या कारखान्यात इंजिनं व्हायची. गॅसवर चालणारी, अख्ख्या गावाला वीज पुरवणारी. केवढी म्हणशील? एकाच्या सिलिंडरमध्ये फादर झिग्लरनी बाप्तिस्मा उरकला. सगळे पाहुणे पिस्टनवर बसले होते. पोराची आजी तेवढी बाहेर, तिला कोंदट सोसत नाही."

"आणि जेवण?" केंटनं विचारलं. पोरगा चांगला होता.

"शेजारच्या सिलिंडरमध्ये. पण ऐक. ही इंजिनं घेणारे लांबचे. ब्राझीलमधल्या कुणाला वीज हवी असते, पण एवढी रोख रक्कम कुणाच्या खिशात असते? तिथं आमच्या सरकारची निर्यात बँक मध्ये पडायची, कर्जाला जामीन राहायची. दुसऱ्या देशांची सरकारंही आपापल्या कारखान्यांसाठी हेच करतात. फक्त आमच्या बँकेची मुदत दर काही वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये वाढवून घ्यावी लागते. त्या वर्षी तिथल्या काही जणांनी लावून धरलं की ही बड्या कंपन्यांना वाटलेली खिरापत आहे, बंद करा."

"खिरापत होतीच की," बड म्हणाला. "माझ्या गुत्त्याला कोण जामीन राहिलं?"

"तुझी बियर ब्राझीलला विकून दाखव, मी राहतो जामीन."

बड हसला. खरं सांगायचं तर त्याचं अगदीच चूक नव्हतं. कंपनी बडी होती आणि वरच्या लोकांची पोटं सुटलेली होती. पण त्या पोटांच्या खाली आमची मार्लिस होती.

मार्लिस माझ्या बहिणीची मुलगी. तयार इंजिन चाचणीच्या ओट्यावर चढवायचं, चालवून बघायचं आणि मगच बाहेर सोडायचं, हे तिचं काम. त्या कामावर तिचा जीव होता. इंजिन पहिल्यांदा धडधडलं की ती लहान पोरीसारखी हसायची. वरून निरोप आलेला होता की बँक गेली तर सगळ्यात आधी चाचणीचा विभाग कॅनडात हलणार, तिथलं सरकार जामीन राहायला तयार आहे. शेवटी मुदत वाढली नाही आणि विभाग गेला; तो इथं राहिला असता तर आज ती बडच्या गुत्त्यात ताटं वाहत नसती. मी हे सांगत होतो तेव्हाही ती पलीकडच्या टेबलावर मासे वाढत होती, आमच्याकडे पाठ करून.

"आमचा खासदार हॅगस्ट्रॉम," मी केंटला म्हणालो. "बँकेच्या बाजूनं की विरुद्ध, माझं अजून ठरत नाही, असं तो रेडिओवर स्वतः बोलला होता. आणि ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात माशांचं गावजेवण असतं; तिथं तो येणार होता. आम्ही ठरवलं, त्याला सगळ्यांदेखत विचारायचं. विचारायचं कुणी? मी कारखान्यातून नुकता निवृत्त झालेलो, आवाज असा की तळ्यापलीकडची कुत्री उठून बसतात. मार्लिसनं तिच्या स्वयंपाकघरात माझी तालीम घेतली."

ती तालीम मला अजून शब्द न शब्द आठवते.

"मामा, एकच प्रश्न. त्यात मासेमारी आणायची नाही."

"अगं, जरा गोडीगुलाबीनं सुरुवात केली की माणूस..."

"नाही. 'बँक चालू ठेवायला मत देणार की नाही?' एवढंच. म्हण बघू."

"म्हटलं की मनात."

"मोठ्यानं म्हण, मामा. तू गप्प बसलास तर दुसरं कुणीच बोलणार नाही. ठाऊक आहे ना तुला हे गाव?"

ठाऊक होतं. आमच्याकडे जेवत्या माणसाला अवघड प्रश्न विचारत नाहीत. घास तोंडात असताना तर नाहीच नाही. म्हणून त्याचं ताट रिकामं होईपर्यंत थांबायचं, असं ठरलं. पण पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं हीही आमच्याकडे लाजेचीच गोष्ट. तुकडा संपला रे संपला की कुणीतरी परात घेऊन हजर. हॅगस्ट्रॉमही इथलाच, त्यामुळे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं हे त्याच्याही रक्तात.

"नको, नको, खरंच पोट भरलं."

"अहो, एवढासा तर आहे."

"नको हो."

"आमच्या हातचा नाही आवडला वाटतं?"

"बरं, द्या."

तो खात राहिला, आम्ही वाढत राहिलो. कुणी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, कुणी तळ्यावरचा बर्फ किती जाड आहे ते सांगितलं. चाचणी विभागातली पोरं, ज्यांची कामं त्याच्या एका मतावर लटकली होती, कंपनीची जाकिटं घालून त्याच्यापुढे लोणी सरकवत होती. त्याला सगळं ठाऊक होतं. आम्ही काय विचारणार हे त्याला ठाऊक होतं, आणि आम्ही विचारणार नाही हेही. अखेर तो "फार छान झालं हो जेवण" म्हणाला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या, केंट," मी म्हणालो. "यात मी काहीएक वाढवलेलं नाही. वाढवलेलं असतं तर बरं झालं असतं."

केंट हसायचा थांबला. मला ते आवडलं नाही. पुराण ऐकणारा गंभीर झाला की सांगणाऱ्याची पंचाईत होते. मी घाईघाईनं पुढं निघालो.

"त्यानं कोट घातला. मार्लिस समोरच्या भिंतीपाशी उभी, नुसती माझ्याकडे बघत होती. आणि मी उठलो! टेबलावर अशी मूठ आपटली की पेल्यांतली बियर उडाली आणि आढ्याला जाऊन चिकटली, उन्हाळ्यापर्यंत ठिबकत होती. म्हटलं, हॅगस्ट्रॉम! या पोरीकडे बघ आणि सांग, बँक चालू ठेवायला मत देणार की नाही? तो पांढराफटक पडला. डोळ्यांतून अशी धार लागली की कोटाची कॉलर भिजली, आणि बाहेर जाईपर्यंत थंडीनं ती काचेसारखी कडक झाली. छातीवर हात ठेवून म्हणाला, ऑर्विल, देणार!"

"मग?" केंटनं विचारलं.

"मग काय? शब्द दिला."

"नाही, म्हणजे... शब्द दिला होता तर मग बँक गेली कशी? आणि विभाग कॅनडात कसा गेला?"

हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता. इथले लोक विचारत नाहीत.

"त्याचं असं झालं," मी म्हणालो, "तो मत द्यायलाच निघाला होता. पण वाटेत बर्फाचं वादळ. विमान आमच्या तळ्यावर उतरवावं लागलं, आणि बर्फाखालून एका माशानं चाक..."

बडनं मान खाली घातली आणि कोरडाच पेला पुसू लागला. मार्लिस आमच्या टेबलाशी आली होती. तिनं केंटपुढे ताट ठेवलं, लिंबाची फोड सारखी केली आणि केंटकडे न बघता माझ्याकडे बघत, अजिबात आवाज न चढवता म्हणाली,

"मामा, तू उठलास तेवढं खरं. तो दारात थांबला, वळला, तुझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आणि तू म्हणालास, 'साहेब, रस्त्यात हरणं आडवी येतात, गाडी जपून चालवा.'"