एकाच टबात दहा मिनिटं

साहेब, त्या परिपत्रकाखाली सही तुमची आहे! "प्रत्येक शाळेने गिनीपिगची एक जोडी पाळावी. नर व मादी यांचे पिंजरे शेजारी-शेजारी ठेवावेत, जेणेकरून मुलांना निसर्गाची ओळख होईल." एवढं लिहून तुम्ही मोकळे झालात. मादीचं वय किती असावं, पिंजरे धुताना जनावरं कुठे ठेवावीत, अडलं तर विचारायचं कुणाला, याबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या त्या दोन वाक्यांनी कुणावर काय वेळ आणली, ते ऐका. आणि वाचकहो, तुम्हीही ऐका. वरून कागद आला की न विचारता मान हलवायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे.

शाळेत झाडलोट करणाऱ्या, घंटा देणाऱ्या मावशींच्या गळ्यात ही दोन जनावरं पडली. पांढरी मादी कापशी, काळा नर भुंग्या. नावं मुलांनी ठेवलेली. दोन पिंजऱ्यांमध्ये नुसती तारेची जाळी. भुंग्या दिवसभर त्या जाळीला नाक लावून घुरघुरायचा, तार चावायचा, खाणं टाकून तिथेच बसायचा. "बघा, काय प्रेम आहे!" म्हणून शिक्षक हसायचे. मावशींना ते प्रेम वाटत नव्हतं. जनावर वाळत चाललं होतं. पण झाडूवालीचं मत मागतंय कोण?

सोमवारी सकाळी मावशींनी खोली उघडली आणि त्या पिंजऱ्याकडे धावल्या. कापशी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. पोट टम्म. मध्येच सगळं अंग आवळून ती बारीक किंचाळायची आणि पुन्हा गप्प व्हायची. खालच्या गवतावर रक्ताचा डाग होता.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या धावत आल्या. "गॅस धरला असेल हो! कोबी जास्त घातलात का?"

"नाही बाई. दवाखान्यात नेऊ या. आत्ताच."

मावशींचा आवाज असा निघाला, की मोठ्या बाईंनी लगेच चपला घातल्या.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कापशीचं पोट दोन बोटांनी चाचपलं आणि मान वर केली. "पिल्लं आहेत. दोन लागतात हाताला. वय काय हिचं?"

"सव्वा वर्ष," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण पिल्लं कशी असतील? नर जवळ आलेलाच नाही! मध्ये जाळी आहे."

"जाळीला विचारून होत नाहीत पिल्लं," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा, गिनीपिगच्या मादीचं पहिलं वेत वेळेत झालं नाही, तर सात-आठ महिन्यांनंतर कमरेचं हाड जुळून घट्ट होतं. मग पिल्लाला बाहेर यायला वाटच राहत नाही. पोट कापावं लागेल. पण दिवस किती भरलेत ते मला सांगा. भरले असतील तर आत्ता कापते. नसतील तर कच्ची पिल्लं मरतील, त्यापेक्षा औषध देऊन थांबते. दोन महिन्यांपूर्वी नर कधी जवळ आला होता?"

"कधीच नाही," मोठ्या बाई ठामपणे म्हणाल्या.

मावशी भिंतीला टेकल्या. त्यांना तारीख माहीत होती! त्यांना एकटीला!

दर शुक्रवारी त्या पिंजरे धुवायच्या. कापशी एका टबात, भुंग्या दुसऱ्या टबात. तपासणीच्या शुक्रवारी दुसरा टब पायऱ्या धुवायला गेला. खात्याचे साहेब तपासणीला दारात आले होते, घाई होती. मावशींनी दोघांना एकाच टबात सोडलं. दहा मिनिटांत काय होतंय!

आता बोललं तर? नोकरी हंगामी. तीन महिन्यांचा कागद, पुढच्या आठवड्यात संपणारा. एक शब्द, की घरी बसायची वेळ. शिवाय बोलून तरी काय, जनावर ते जनावर.

टेबलावर कापशी पुन्हा किंचाळली. या वेळी आवाज निम्माच निघाला.

"शुक्रवार!" मावशी ओरडल्याच. "तपासणीचा शुक्रवार! नऊ आठवडे आणि वर तीन दिवस. मी ठेवलं दोघांना एका टबात. दहा मिनिटं. माझ्या हातून झालं, डॉक्टरताई!"

"मावशी!" मोठ्या बाई किंचाळल्या. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"सहासष्ट दिवस. भरलेत," असं म्हणत डॉक्टर हातमोजे चढवू लागल्या. "दहा मिनिटं कसली मावशी, याला दहा सेकंद पुरतात. पण बाई, ओरडू नका त्यांच्यावर. त्यांना कुणी शिकवलं होतं का? शेजारी ठेवा म्हणून सांगणाऱ्याने सांगितलं होतं का? नराचा वास आला की जाळी, पाटी, टब, काही आड येत नाही. वेगळी खोलीच लागते. नाहीतर नराचं ऑपरेशन करून वर महिना-दीड महिना थांबायचं. हे माहीत नसताना जोडी देणं म्हणजे मुलाच्या हातात काडेपेटी देणं झालं!"

दार बंद झालं. बाकावर दोघी बसल्या. आतून कसलाच आवाज येईना, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"मावशी," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "तो टब मीही पाहिला होता. साहेब म्हणाले, जोडी छान रमलीये. मी हसले. शेरेपुस्तकात तेच लिहिलंय त्यांनी. घाबरून गप्प तुम्ही बसलात. मी तर न घाबरताच गप्प बसले."

डॉक्टर बाहेर आल्या. एक पिल्लू आतच गेलं होतं. एक जगलं. कापशी शुद्धीवर येत होती. "आणि ऐका, पिल्लू नर आहे. तीन आठवड्यांचं झालं की आईपासूनही वेगळं करायचं."

"तीन आठवड्यांचं लेकरू?" मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"लेकरू तुमच्या डोळ्यांना. निसर्गाला नव्हे."

त्याच दुपारी भुंग्याचा पिंजरा जिन्यापलीकडच्या खोलीत गेला. मोठ्या बाईंनी खात्याला पत्र लिहिलं. टबासकट, शेऱ्यासकट, काही न लपवता. खाली मावशींनीही सही केली.

जीव सांभाळायला सांगणाऱ्याने आधी तो कसा सांभाळायचा ते शिकवावं, आणि सांभाळणाऱ्याने न लाजता विचारावं. चूक लपवण्यात जाणारं एकेक मिनिट कुणाच्या तरी श्वासातून कापलं जातं.

साहेब, त्या पत्राला आज एकोणीस दिवस झाले. मावशींचा कागद मोठ्या बाईंनी वाढवून घेतला; परवा त्या पिल्लाला आईपासून वेगळं करतील. त्यांना आता कळतं. पण बाकीच्या शाळांतून आज कितीतरी माद्या जाळीच्या अलीकडे बसल्या आहेत, आणि पलीकडे नर तार चावतो आहे. त्या शाळांना तुम्ही कधी सांगणार? तारीख लिहून कळवा!