निळी सही

ताईचं सगळंच धाकटीच्या आधी झालं होतं. शाळा, सायकल, चष्मा, लग्न. त्याचं धाकटीला फारसं वाईट वाटत नसे, कारण आधी जन्माला आलं की आधी होणारच, हा हिशोब तिला पटण्यासारखा होता. त्यात न बसणारी एकच गोष्ट होती, भिंतची सही.

भिंत हा गोलकीपर. त्याचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी घेत नसे. लहानपणी दोघी बहिणींची त्याच्यावर सारखीच भक्ती होती. बाबा स्टेडियमवर मैदानात चुन्याच्या रेघा मारायचे. मोठ्या सामन्याला त्यांना घरातलं एक मूल आत नेता येई, आणि त्या वर्षी पाळी धाकटीची होती. सामन्याच्या तीन दिवस आधी तिला गोवर निघाला आणि तिच्या जागी ताई गेली. धाकटी तेव्हा सहा वर्षांची, ताई नऊची.

सामना संपल्यावर बाबांनी ताईला खेळाडू बाहेर पडतात त्या दाराशी नेलं. तिथल्या रेटारेटीत एका जाड्या माणसाचा बूट तिच्या पावलावर पडला. नख उखडलं, तरी ती रडली नाही. भिंतने ते पाहिलं. त्याने बाबांच्या खिशातून डोकावणारं, त्या दिवशी दारावर वाटलेलं त्याचंच कार्ड ओढून घेतलं, ताईकडून पेन मागून घेतलं, कार्डावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "धीट आहे मुलगी." कार्ड चुरगळू नये म्हणून बाबांनी ते तिथल्या तिथे पाकिटात घातलं. ताईने ते नीट पाहिलं ते घरी आल्यावर. काळ्या जर्सीतला, कमरेवर हात ठेवलेला भिंत, आणि त्याच्या खाली पांढऱ्या पट्टीवर ऐसपैस निळी सही.

आठवड्याच्या आत कार्ड काचेच्या चौकटीत गेलं. धाकटीने हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला, आणि तो पंचवीस वर्षं पाळला गेला. ताई पुढे मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. चौकट तिच्याबरोबर शाळेच्या सामानाच्या खोलीत गेली. गोलकीपर व्हायला आलेल्या प्रत्येक मुलीला ती कार्डाखाली उभं करून उखडलेल्या नखाची गोष्ट सांगे. गोष्ट संपताना भिंतचा आवाज काढे. धाकटीने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की तिला स्वतःचं नख दुखल्यासारखं व्हायचं, आणि तरी ते नख तिचं नव्हतं.

धाकटी रसायनशास्त्र शिकली आणि एका विचित्र नोकरीत पडली. खेळाडूंच्या कार्डांवरच्या सह्या खऱ्या की छापील, हे तपासून देणारं एक छोटं दुकान होतं. मालक मास्तर. जन्मभर छापखान्यात काढल्यामुळे त्यांना शाईच्या वासावरून यंत्र ओळखता येत असे. दुकानात दोन टेबलं, तीन भिंगं, मान वाकवता येणारा एक दिवा आणि चिठ्ठ्यांची पॅडं. प्रत्येक कार्डाची एक चिठ्ठी. तिच्यावर तीन रकाने: समोरून, तिरक्या उजेडात, मागून. तिन्ही भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. घरच्या माणसाचं कार्ड घरच्याने तपासायचं नाही, हा दुसरा. चूक झाली तर पहिली चिठ्ठी फाडायची नाही, तिला दुसरी जोडायची आणि चूक कशी झाली ते लिहायचं, हा तिसरा.

"माणूस चुकला याचं काही नाही," मास्तर म्हणत. "का चुकला ते लपवलं की तीच चूक परत गिऱ्हाईक होऊन दारात येते."

एके दिवशी कुणा संग्राहकाने पाठवलेल्या गठ्ठ्यात धाकटीला तेच कार्ड सापडलं. काळी जर्सी, कमरेवर हात, पांढरी पट्टी, निळी सही. सहीचं शेवटचं अक्षर पट्टीबाहेर उतरून डाव्या बुटाच्या नाडीला टेकलं होतं. ताईच्या कार्डावर ते नेमकं तिथेच टेकतं, हे धाकटीला झोपेतही सांगता आलं असतं.

तिने भिंग लावलं. निळी रेघ फुटली आणि तिचे ठिपके झाले, निळे, मध्येच गुलाबी, मधमाशांच्या पोळ्यासारखे ओळीने बसलेले. पेनाची रेघ अशी फुटत नाही. पेनाची शाई सुरुवातीला साचते, वळणावर दाटते, उचलताना पातळ होते. ही सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच जाडीची होती. शिवाय जगातला कोणताही माणूस दोन कार्डांवर तंतोतंत एकच सही करत नाही. सही छापील होती, त्या मालिकेतल्या प्रत्येक कार्डावर होती, आणि म्हणजे ताईच्याही.

धाकटीने भिंग खाली ठेवलं. आपल्याला नक्की काय होतंय ते पाहायची तिला सवय होती, म्हणून तिने पाहिलं. तिला आनंद होत होता. उकळ्या फुटत होत्या म्हणा ना.

रविवारी ती ते दुसरं कार्ड आणि भिंग घेऊन ताईकडे गेली. सुट्टीत रंगकाम चाललं होतं म्हणून शाळेतली चौकट घरीच आणलेली होती. मास्तरांचा दुसरा नियम तिला आठवला, पण आपण तपासत थोडंच आहोत, नुसतं सांगतोय, असं तिने स्वतःला समजावलं.

"ताई, चौकट उघडतेस?"

"कशाला? पंचवीस वर्षांनी हात लावायची परवानगी हवीय का?"

"भावोजी, तुम्हीच उघडा."

भावोजी पेपर वाचत होते. "मला तुम्हा बहिणींच्या मध्ये ओढू नका," असं म्हणत त्यांनी मागचे खिळे सरकवून दिले आणि परत पेपरात शिरले.

धाकटीने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, ताईच्या हातात भिंग दिलं. ताई बराच वेळ वाकून राहिली.

"ठिपके दिसतात," ती म्हणाली.

"छापल्याचे."

"पण त्याने माझ्यासमोर लिहिलं. माझ्या पेनाने. काळं पेन होतं, बाबांनी परीक्षेसाठी घेतलेलं."

"काळं?" धाकटीने बोट ठेवलं. "ही सही कुठल्या रंगाची आहे?"

ताईने भिंग परत सहीवर धरलं.

"नऊ वर्षांची होतीस तू," धाकटी म्हणाली, अगदी समजूतदारपणे. या समजूतदारपणाची तिने येताना वाटभर तालीम केली होती. "मुलांना आठवतं त्यात अर्धं नंतर भरलेलं असतं. त्याने लिहिल्यासारखं केलं असेल. गर्दी होती."

"अगं, असू दे ना तिला," भावोजी पेपरामागून म्हणाले.

"नाही, तिचं बरोबर आहे," ताई म्हणाली. "तिचं कामच आहे ते." मग थोडं थांबून, "म्हणजे एवढी वर्षं मी मुलींना थापा मारत होते."

धाकटीला वाटलं होतं ताई भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ताईने कार्ड उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"तुझ्याकडे ठेव. तुलाच हवं होतं ना नेहमी? छापील सहीचं मी काय करू?"

अशा रीतीने पंचवीस वर्षांनी ते कार्ड धाकटीच्या पर्समध्ये आलं. घरी जाताना तिने दोनदा पर्स उघडून पाहिलं.

सोमवारी तिच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती चांगली नव्हती, हे तिला तेव्हाही कळत होतं. दुकानात गिऱ्हाइकांना दिसेल अशी एक नमुन्यांची फळी होती. खरी सही कशी असते, छापील कशी, शिक्क्याची कशी, हे दाखवणारी कार्डं तिच्यावर लावलेली. छापील सहीच्या खाली भिंतचं कार्ड लावायचं. ताई कधीतरी दुकानात येईलच.

"मास्तर, माझं एक कार्ड आहे. फळीवर लावू का?"

"लाव की. चिठ्ठी भरलीस?"

"भरते."

तिने पॅड ओढलं. समोरून: छपाईचे ठिपके, रेघेची जाडी एकसारखी, दुसऱ्या प्रतीशी तंतोतंत जुळते. मग पेन थांबलं. तिरक्या उजेडात तिने कार्ड पाहिलंच नव्हतं. पाहायची गरजही नव्हती, पण रिकाम्या रकान्यात न पाहिलेलं लिहिणं तिच्या हातून होईना. ती मत्सर करू शकत होती, खोटं निरीक्षण लिहू शकत नव्हती. तिने दिव्याची मान वाकवली आणि उजेड टेबलाला घासून जाईल इतका खाली आणला.

निळ्या सहीवर काही उमटलं नाही. उमटलं ते वर, जर्सीवर. काळ्या छातीवर एक चर उजळला, मग दुसरा. तिने कार्ड थोडं फिरवलं, आणि चर जोडले जाऊन त्यांची अक्षरं झाली. काळ्या शाईने काळ्या जर्सीवर लिहिलेली. बॉलपेनचा गोळा कागद दाबत जातो. शाई दिसो न दिसो, दाब राहतो. समोरून भिंग लावलं तर तिथे नुसता काळोख, आणि काचेआडून तर काहीच दिसणार नाही. सुरुवातीला साचलेली, वळणावर दाटलेली, उचलताना पातळ झालेली रेघ होती ती. तिच्यात लिहिलं होतं: धीट मुलीला. खाली सही, घाईतली, निळ्या सहीपेक्षा बरीच वाईट.

गर्दीत, अंधुक दारात त्या माणसाने आपण कशावर लिहितोय तेही पाहिलं नसणार.

मागून पाहायची गरज नव्हती, तरी तिने पाहिलं. अक्षरं उलटी होऊन पाठीवर उठली होती. बोट फिरवलं तर लागत होती.

धाकटीला प्रथम जे वाटलं ते आनंदाच्या आसपासचंही नव्हतं. सही एक वेळ परवडली असती. पण "धीट मुलीला". त्याने हे तोंडाने म्हटल्याची गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकली होती आणि सगळ्यांनी थोडी हसण्यावारी नेली होती. ती आता कागदात कोरलेली निघाली. तिने कार्डाचे चारही कोपरे पाहिले. गोवर आलेल्या मुलीबद्दल त्याच्यावर काही नव्हतं. असणार कुठून?

आणि कार्ड तिचं होतं. ताईने ते स्वतःच्या हाताने दिलं होतं. पेनाचा रंग ताईलासुद्धा आता खोटा वाटत होता. दिव्याची मान सरळ केली की अक्षरं गेली, वाकवली की आली. तिने हे चार-पाचदा केलं.

"लावलंस?" मास्तरांनी त्यांच्या टेबलावरून विचारलं.

"तिरक्या उजेडात बघतेय."

"घरचं आहे ना?"

धाकटीने मान वर केली नाही. "कशावरून?"

"बाहेरच्या कार्डाला तू एवढा वेळ लावत नाहीस," मास्तर म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ती ताईच्या शाळेत गेली. सामानाच्या खोलीला नव्या रंगाचा वास होता. चेंडूंच्या जाळ्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटया, भिंतीवर मोकळा खिळा, आणि त्याखाली घरून परत आणलेली रिकामी चौकट. ताई शिट्ट्यांच्या दोऱ्यांची गाठ सोडवत बसली होती.

"काय गं, आता काय छापील निघालं?"

"दार लाव. दिवा बंद कर."

"भुताखेताचं काढलंस की काय?"

धाकटीने खिशातली विजेरी पेटवून टेबलाला आडवी धरली आणि कार्ड ताईच्या हाताखाली सरकवलं. "जर्सीवर बघ. हळू फिरव."

ताईने फिरवलं. मग हात थांबला. बाहेर मुली आकडे मोजत धावत होत्या. एकोणीस, वीस, एकवीस.

"काळं पेन," ताई म्हणाली.

"हो."

"परीक्षेसाठी घेतलेलं."

"हो, ताई."

ताईने डोळे पुसले नाहीत, तिने नुसती मनगटाने नाकाची बाजू खाजवली. "तुला कधी दिसलं?"

"काल. तीन वाजता."

"आणि सांगायला आज दुपारी आलीस?"

"हो."

"फोन नावाची वस्तू असते."

"आहे माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "हातातच होता."

ताईने तिच्याकडे पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. धाकटीने पर्समधून दोन चिठ्ठ्या काढल्या, टाचणीने जोडलेल्या. पहिलीवर एकच रकाना भरलेला, निकाल: छापील. दुसरीवर तिन्ही भरलेले, निकाल: खाली छापील, जर्सीवर खरी. त्याखाली, चूक कशी झाली: तपासणाऱ्याला सही छापील असेल असं वाटत होतं, म्हणून तिरका उजेड वापरला नाही.

ताईने विजेरीच्या उजेडात ते सावकाश वाचलं. शिक्षिका होती, वाचताना तिचं बोट ओळीखालून फिरे. एका ठिकाणी बोट थांबलं.

"वाटत होतं?" ती म्हणाली.

धाकटीने विजेरी दुसऱ्या हातात घेतली.

"रविवारी तू आलीस तेव्हा तुझं तोंड पाहिलंय मी. रजेच्या अर्जावर सही मिळालेल्या माणसासारखं होतं."

"गोवर मला झाला होता," धाकटी म्हणाली. हे वाक्य पंचवीस वर्षं तयार होतं आणि निघालं तेव्हा फारच लहान निघालं. "पाळी माझी होती."

"माहीत आहे मला."

"तू एकदाही म्हणाली नाहीस तसं. गोष्ट सांगताना."

"नाही म्हटलं," ताई म्हणाली. "म्हटलं असतं तर ती अर्धी तुझी झाली असती."

मग धाकटीने टेबलावरचं पेन घेतलं, "वाटत होतं" यावर एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं: हवं होतं. शेजारी तिने आपली छोटी सही केली, कारण खाडाखोडीला सही लागते.

ताईने दिवा लावला, चिठ्ठ्यांची घडी करून त्या चौकटीच्या मागे सरकवल्या आणि कार्ड पुढे लावलं. काच मात्र परत बसवली नाही. मोकळ्या खिळ्यावर चौकट टांगून ती दोन पावलं मागे सरली, मान कलती करून जर्सीकडे पाहू लागली. साध्या उजेडात तिथे काळ्या रंगाशिवाय काही नव्हतं, तरी ती पाहतच राहिली.

धाकटीने विजेरी खिशात ठेवली होती. ती परत काढावी का, याचा तिने जरा विचार केला, मग काढली आणि ताईसाठी भिंतीला आडवी धरली.